ट्रॉम्सो ते लाँगयरब्येन: खरं अंतर किती आणि विमानाला वेळ किती?

गिरणाकाठ_चाळीसगाव

नमस्कार मंडळी. मार्चमध्ये नॉर्वेत ट्रॉम्सोपर्यंत जायचं नक्की झालंय. तिथून पुढे स्वालबार्ड बेटांवरच्या लाँगयरब्येनला जाऊन यावं असा विचार आहे. पण या दोन विमानतळांमधलं अंतर जिथे बघावं तिथे वेगळं. एका ठिकाणी 958 किमी, दुसरीकडे 961. घरी भिंतीवर जगाचा नकाशा आहे, त्यावर पट्टी लावून जळगाव–दिल्लीच्या प्रमाणात काढलं तर 3,200 किमी येतं! वेळेचंही तसंच. विमानाचा वेग ताशी 830 किमी धरला तर 960 किमीला 1 तास 10 मिनिटं पुरायला हवीत, पण वेळापत्रकात 1 तास 40 मिनिटं दाखवतात. यातलं खरं काय मानायचं? आणि ट्रॉम्सोला दीड तासात विमान बदलता येईल का? माहीतगारांनी सविस्तर सांगावं.

अक्षांश_जळगाव

ताई, 958 आणि 961 दोन्ही बरोबर आहेत. चूक फक्त 3,200 मध्ये आहे आणि ती तुमची नाही, नकाशाची आहे.

भिंतीवरचा नकाशा बहुतेक मर्केटर पद्धतीचा असणार. त्यात सगळी रेखावृत्तं एकमेकांना समांतर काढलेली असतात. प्रत्यक्षात ती ध्रुवाकडे जवळ येत जातात. आपल्याकडचंच बघा. धुळे आणि जळगाव यांच्या रेखांशात साधारण 0.8 अंशाचा फरक आहे आणि सरळ रेषेत अंतर 80 किमीच्या थोडं वर. तेवढाच 0.8 अंशाचा फरक लाँगयरब्येनच्या अक्षांशावर घेतला तर जेमतेम 18 किमी भरतो. नकाशात मात्र दोन्ही ठिकाणी रुंदी तेवढीच दाखवायची असते, म्हणून उत्तरेकडचा भाग आडवा ताणला जातो आणि आकार बिघडू नये म्हणून उभाही तेवढाच ताणतात. 70 अंशांवर हा ताण जवळजवळ तिप्पट, 78 अंशांवर जवळजवळ पाचपट. त्यामुळे ट्रॉम्सो–लाँगयरब्येन रेघ कागदावर जळगाव–दिल्लीच्या पावणेचारपट लांब दिसते. जळगाव–दिल्ली सरळ रेषेत 855 किमीच्या आसपास आहे, म्हणजे खरा फरक शंभरेक किलोमीटरचाच.

आता हिशोब. ट्रॉम्सो 69.68 उत्तर, 18.92 पूर्व. लाँगयरब्येन 78.25 उत्तर, 15.47 पूर्व. अक्षांशातला फरक 8.57, त्याचा निम्मा 4.285 अंश. त्याचा साइन 0.0747, वर्ग 0.00558. रेखांशातला फरक 3.45, निम्मा 1.725 अंश, त्याच्या साइनचा वर्ग 0.000906. याला दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनने गुणायचं (0.347 आणि 0.204), उत्तर 0.000064. दोन्हींची बेरीज 0.00565, वर्गमूळ 0.0751, त्याचा उलटा साइन 0.0752 रेडियन (कोन मोजायचं एकक). त्याची दुप्पट गुणिले पृथ्वीची त्रिज्या 6,371 किमी, म्हणजे 958 किमी. 1.852 ने भागलं की साधारण 518 नॉटिकल मैल.

961 कुठून आले? वरच्या सूत्रात पृथ्वी पूर्ण गोल धरली आहे. खरी पृथ्वी ध्रुवांजवळ किंचित चपटी आहे, त्यामुळे तिथे अक्षांशाचा एक अंश लांबतो. विषुववृत्तावर तो 110.6 किमी, ध्रुवाजवळ 111.7 किमी. हा मार्ग जवळजवळ सरळ उत्तरेला जात असल्याने चपटेपणाचा पुरेपूर परिणाम होतो आणि तीन-साडेतीन किलोमीटर वाढतात. जीपीएस वापरतं तो डब्ल्यूजीएस 84 हा आकार घेतला की 961 येतात. प्रवासासाठी 960 धरा.

स्वतः करून बघणाऱ्यांची दोन ठिकाणी हमखास गफलत होते. विमानतळाचे आकडे अंश-मिनिटांत दिलेले असतात, 69 अंश 41 मिनिटं असे. ते कॅल्क्युलेटरवर 69.41 म्हणून टाकतात. मिनिटांना 60 ने भागून 69.68 करायला हवं. चारही आकड्यांत ही चूक झाली तर अंतर 977 येतं आणि उत्तर जवळपासचं दिसतं म्हणून संशयही येत नाही. दुसरी गफलत एक्सेलमध्ये. तिथे साइन-कोसाइनला अंश चालत नाहीत, रेडियन लागतात. आधी रूपांतर न केल्यास उत्तर अगदीच भलतं येतं, निदान ते लगेच कळतं तरी.

फ्लाइटप्लॅन_भुसावळ

अंतराचं वर चोख सांगितलंय. वेळेचं मी सांगतो.

ताई, तुमचा भागाकार बरोबर शे, पण 830 चा वेग विमानाला पूर्ण वाटेवर मिळतच नाही. या मार्गावर साधारणपणे 737 जातीचं जेट धरा. क्रूझमध्ये, म्हणजे वर स्थिर उंचीवर उडताना, ते मॅक 0.78 ने (आवाजाच्या वेगाच्या 0.78 पट) जातं, म्हणजे सुमारे 447 नॉट (ताशी नॉटिकल मैल), ताशी 830 किमी. तिथपर्यंत चढायला वीसेक मिनिटं जातात आणि त्या वेळात 120 नॉटिकल मैल कापले जातात. उतरायला 22-23 मिनिटं, त्यातही साधारण तेवढंच अंतर. म्हणजे 518 पैकी पूर्ण वेगाने जायला उरले फक्त 278 मैल, त्याला 37 मिनिटं. बेरीज 80 मिनिटं झाली.

शिवाय विमान एका धावपट्टीच्या टोकावरून दुसऱ्या टोकाला सरळ रेघेत जात नाही. ज्या दिशेकडून वारा येत असेल तिकडे तोंड करून उडायचं, वळून मार्गावर यायचं, तिकडे पुन्हा धावपट्टीच्या रेषेत यायला वळसा. लाँगयरब्येनची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे आणि आपण येतो दक्षिणेकडून, तेव्हा वळसा आलाच. त्याचे 20-30 मैल, चार-पाच मिनिटं. ट्रॉम्सोला गेटवरून निघून धावपट्टीपर्यंत दहा मिनिटं, तिकडे उतरल्यावर पाच. झाली 100 मिनिटं. वेळापत्रकात असतो तो हा ब्लॉक टाइम, चाकं हलल्यापासून पुन्हा थांबेपर्यंतचा. हवेतला वेळ त्यातला 85 मिनिटांचा.

वाऱ्याची फार काळजी करू नका. समोरून 50 नॉटचा वारा असला तर क्रूझच्या 278 मैलांना 37 ऐवजी 42 मिनिटं लागतील, चढण-उतरण धरून एकूण सहा-सात मिनिटांचा फरक. मुंबईहून युरोपला जाताना हाच वारा तासभर खातो, इथे खायला अंतरच नाही. थंडीचाही थोडा परिणाम असतो. मॅकचा वेग आवाजाच्या वेगावर अवलंबून आणि आवाज थंड हवेत हळू जातो. बाहेर उणे 56 ऐवजी उणे 65 अंश असतील तर त्याच मॅक 0.78 ला खरा वेग 447 वरून 438 नॉटवर येतो. मिनिटभराचा फरक, पण आहे.

मार्चमध्ये वेळ जाते ती जमिनीवर, डी-आयसिंगला. पंखांवर बर्फ किंवा दव गोठलं असेल तर आधी गरम द्रवाने धुऊन काढतात, बर्फ पडत असेल तर वर दुसऱ्या घट्ट द्रवाचा थर देतात. या थराची मुदत असते. हिमवृष्टीचा जोर आणि तापमान बघून तक्त्यातून काढतात. रांगेत थांबून मुदत संपली की परत धुवायचं. एका फेरीला दहा-पंधरा मिनिटं धरा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लाँगयरब्येनला उतरता आलं नाही तर जायचं कुठे? त्याच बेटावर नी-ऑलेसुंडला धावपट्टी आहे (आपलं हिमाद्री संशोधन केंद्र 2008 पासून तिथेच आहे), पण ती छोट्या विमानांसाठी. वाटेत अर्ध्याच्या थोडं पुढे ब्येर्नोया बेट लागतं, तिथे हवामान केंद्र आहे, जेट उतरेल अशी धावपट्टी नाही. म्हणून पर्यायी विमानतळ मुख्य भूमीवरचाच धरावा लागतो, म्हणजे बहुधा परत ट्रॉम्सो. विमान निघतानाच तेवढं इंधन घेऊन निघतं. ढोबळ आकडे सांगतो, हे विमान तासाला सुमारे अडीच टन इंधन घेतं. जाण्याचं साडेतीन टन, त्यावर पाच टक्के जादा, परतीचे पुन्हा तीन-साडेतीन टन आणि शेवटची अर्ध्या तासाची राखीव शिल्लक टनभराच्या वर. साडेआठ टनांच्या आसपास जातं. टाकीत 20 टनांवर मावतं, त्यामुळे जागेचा प्रश्न नाही. प्रश्न एवढाच की हवामान बिघडलं तर तुम्ही 80 मिनिटं जाणार, वीस-तीस मिनिटं वर घिरट्या घालणार, 80 मिनिटं परत येणार आणि तीन तासांनी पुन्हा ट्रॉम्सोलाच उतरणार. लाँगयरब्येनला हिवाळ्यात आडवा वारा आणि निसरडी धावपट्टी, उन्हाळ्यात धुकं, ही नेहमीची कारणं. धावपट्टी ओली-बर्फाळ असेल तर आडव्या वाऱ्याची मर्यादा कोरड्यापेक्षा बरीच खाली येते, म्हणून वारा फार दिसत नसतानाही विमान परत फिरू शकतं. वैमानिकाने तसं केलं तर ते योग्यच समजा.

गिरणाकाठ_चाळीसगाव

दोघांचे आभार, आता आकडे डोक्यात बसले. म्हणजे अंतरापेक्षा हवामान आणि थांबे बघून बेत आखायचा. ट्रॉम्सोच्या दीड तासाचं कुणी सांगेल का? आणि घड्याळ किती पुढे-मागे करायचं?

धुळे_ट्रॅव्हल_डेस्क

ताई, दीड तासाआधी एक विचारतो. तुमचा शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) एका प्रवेशाचा आहे की अनेक?

स्वालबार्डवर नॉर्वेचंच राज्य आहे, पण ही बेटं शेंगेनच्या बाहेर आहेत. 1920 च्या स्वालबार्ड करारामुळे तिथे जायला स्वतंत्र व्हिसा लागत नाही. मात्र ट्रॉम्सोहून विमानात बसलात की तुम्ही शेंगेन सोडलंत आणि परत ट्रॉम्सोला किंवा ओस्लोला उतरलात की तो दुसरा प्रवेश झाला. एका प्रवेशाचा व्हिसा असेल तर परतीला अडकाल. अर्ज करतानाच दोन किंवा अनेक प्रवेशांचा मागा आणि प्रवासाच्या आराखड्यात लाँगयरब्येनच्या तारखा, जाण्या-येण्याची विमानं स्पष्ट लिहा. नुसतं नॉर्वे लिहिलं तर अर्ज तपासणाऱ्याला दुसरा प्रवेश कशाला हवा ते समजत नाही. व्हिसा हातात आला की प्रवेशांच्या रकान्यात काय छापलंय ते पहिलं बघा. 01 असेल तर स्वालबार्डचं तिकीट काढू नका.

यामुळेच ट्रॉम्सोला पासपोर्ट तपासणी असते. ओस्लोहून ट्रॉम्सोमार्गे जाणाऱ्या विमानातून पुढे त्याच विमानाने जायचं असलं तरी प्रवाशांना हातातल्या सामानासह उतरून तपासणीतून जावं लागतं आणि पुन्हा चढावं लागतं. नवीन माणूस सामान सीटवर ठेवून उतरतो आणि मग धावपळ होते. पासपोर्ट वरच्या कप्प्यातल्या बॅगेत ठेवू नका, अंगावर ठेवा. शिवाय 12 ऑक्टोबर 2025 पासून शेंगेनच्या सीमांवर बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन नोंद करायची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे, त्यामुळे रांगेला जास्त वेळ धरा.

दीड तास पुरेल की नाही, हे तिकिटावर ठरतं. ओस्लो–ट्रॉम्सो–लाँगयरब्येन एकाच बुकिंगमध्ये असेल तर पुरेल, आणि पहिलं विमान उशिरा आलं तरी पुढची सोय करणं कंपनीच्या अंगावर असतं. दोन वेगवेगळी तिकिटं असतील तर दीड तास अजिबात धरू नका. सामान घ्या, पुन्हा चेक-इन करा, सुरक्षा तपासणी, पासपोर्ट, एवढं सगळं आणि पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरं तिकीट पाण्यात. वेगळी तिकिटं असतील तर ट्रॉम्सोला एक रात्र काढा. तुम्हाला ट्रॉम्सो बघायचंच आहे, तेव्हा सगळ्यात सरळ मार्ग तोच.

घड्याळाचं सोपं आहे. ट्रॉम्सो आणि लाँगयरब्येन दोन्हीकडे एकच वेळ, त्यामुळे तिकिटावरच्या दोन वेळांची वजाबाकी म्हणजेच प्रवासाचा वेळ. भारतापेक्षा ते साडेचार तास मागे. पण मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळं एक तास पुढे करतात, मग फरक साडेतीन तासांचा होतो. तुमच्या तारखा त्या रविवारच्या अलीकडे-पलीकडे असतील तर घरी फोन करायच्या वेळा तपासून घ्या. विमानाच्या वेळा मात्र नेहमी तिथल्या स्थानिक वेळेतच छापलेल्या असतात.

मास्तर_अमळनेर

अंतराच्या हिशोबाला एक पुरवणी जोडतो, भूगोलाच्या तासाला वापरता येईल. ट्रॉम्सो–लाँगयरब्येन मार्ग जवळजवळ उभा असल्याने ढोबळ रीतीनेही उत्तर बरं येतं: 8.57 गुणिले 111.2 म्हणजे 953, आणि 3.45 गुणिले 111.3 गुणिले मधल्या अक्षांशाचा, म्हणजे 74 अंशांचा कोसाइन, हे 106. दोन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ: 959. पायथागोरसवर काम भागलं.

पण मार्ग तिरपा झाला की विद्यार्थी कोसाइन विसरतात आणि तिथे मोठी फसगत होते. कॅनडाच्या उत्तरेतले इकालुइट (63.76 उत्तर, 68.56 पश्चिम) आणि रेझोल्यूट (74.72 उत्तर, 94.97 पश्चिम) हे विमानतळ घ्या. रेखांशात 26.4 अंशांचा फरक. त्याला सरळ 111 ने गुणलं तर नुसतं आडवंच अंतर 2,900 किमीच्या वर जातं. वरच्या साइनच्या सूत्राने खरं अंतर 1,575 किमी येतं, 850 नॉटिकल मैल. म्हणजे आडवा एक आकडाच संपूर्ण खऱ्या अंतराच्या जवळजवळ दुप्पट!

वेळेचा हिशोबही तिथे बदलतो. त्या भागात पंख्यांची एटीआर विमानं खूप चालतात. वेग 270 नॉट धरला तर नुसते हवेत तीन तास दहा मिनिटं, तेही न थांबता गेल्यास. तिथली विमानं बऱ्याचदा मधल्या वस्त्यांवर उतरत जातात आणि प्रत्येक थांब्याला चढण-उतरण आणि जमिनीवरचा वेळ वाढतो. रेझोल्यूटची धावपट्टी खडीची आहे, त्यामुळे खडीवर उतरू शकणारं जेटच तिथे नेता येतं. आणि घड्याळ: इकालुइटपेक्षा रेझोल्यूट एक तास मागे. तिथे तिकिटावरच्या वेळांची वजाबाकी केली तर जाताना प्रवास तासाने कमी दिसतो, येताना तासाने जास्त. मुलांना हे दोन मार्ग शेजारी शेजारी मांडून दिले की अक्षांश, रेखांश आणि प्रमाणवेळ तिन्ही धडे एका तासात होतात.

फ्लाइटप्लॅन_भुसावळ

मास्तर, उदाहरण उत्तम. एक भर घालतो. ट्रॉम्सोहून निघताना मार्गाची दिशा (उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे मोजलेली) सुमारे 355 अंश असते आणि पोहोचताना 352. सर्वात जवळचा मार्ग गोलावरचा असल्याने दिशा सतत थोडी थोडी बदलते. इथे फरक तीनच अंशांचा, कारण मार्ग उभा आहे. तुमच्या इकालुइटच्या मार्गावर तो कितीतरी जास्त येईल, मुलांना काढायला द्या.

आणि ताई, जाताना उजव्या बाजूची खिडकी घ्या. निघाल्यापासून पाऊण तासाच्या आसपास ढग नसतील तर उजवीकडे पन्नासेक किलोमीटरवर ब्येर्नोया दिसू शकतं.

गिरणाकाठ_चाळीसगाव

व्हिसाचं लक्षातच आलं नव्हतं, अर्ज अजून भरायचा आहे म्हणून बरं. शेवटचं विचारते. परतीला लाँगयरब्येनहून ओस्लो आणि त्याच रात्री मुंबईचं विमान असं जमवू का? उतरल्यावर जळगावकडची गाडी धरायची आहे.

धुळे_ट्रॅव्हल_डेस्क

त्याच रात्रीचं नको ताई. लाँगयरब्येन–ओस्लो थेट विमान 2,000 किमीच्या थोडं वर, तीन तासांचं आहे, कागदावर सहज जमतं. पण तिकडून येणारं विमान आधी तिकडे पोहोचायला हवं. वर भाऊंनी सांगितल्याप्रमाणे ते तिथे न उतरताच परत फिरलं तर तुमचं परतीचं विमानही गेलं, आणि पुढच्या विमानात जागा त्याच दिवशी मिळेलच असं नाही. ओस्लोला निदान एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा, म्हणजे लाँगयरब्येन सोडायचं एका दिवशी आणि मुंबईचं विमान तिसऱ्या दिवशी. विम्यात प्रवास चुकणे आणि उशीर या दोन्ही बाबी आहेत का ते पॉलिसीत वाचून घ्या, नुसता वैद्यकीय विमा व्हिसासाठी पुरतो, यासाठी नाही.

मुंबईत उतरल्यावर इमिग्रेशन, सामान आणि टी-2 हून दादर किंवा ठाण्यापर्यंतचा रस्ता मिळून चार तास धरा आणि त्यानंतरच्या गाडीचं आरक्षण करा. चाळीसगावला थांबणारी गाडी आहे ना ते मात्र बघा, भुसावळकडे जाणाऱ्या सगळ्याच गाड्या तिथे थांबत नाहीत.